उभ्याने करायचे ध्यान

 

आज ध्यानाविषयी थोडे बोलायचे आहे. ध्यान हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र येते. कुणी तपस्वी, पद्मासन घातलेले, डोळे मिटलेले आणि सभोवार शांत अरण्य. लगेच मनात येते, हे काही आपल्यासारख्याचे काम नव्हे. गुडघे कुरकुरतात, मांडी घालून बसले तर उठताना कुणीतरी हात द्यावा लागतो. घर दोन खणांचे आणि माणसे सात. एवढे करून बसलेच, तर दिवसभराच्या श्रमाने पाचव्या मिनिटाला डुलकी लागते.

ह्या अडचणी खऱ्या आहेत. म्हणून आज मी तुम्हाला बसायला सांगणारच नाही. आपल्याच अंगणात किंवा पडवीत उभे राहून, आणि उभ्याउभ्या सावकाश हालचाल करून ध्यान कसे करता येते, तेवढेच सांगणार आहे. त्याला पैसा लागत नाही, सामान लागत नाही, फार तर दहा-बारा मिनिटे लागतात.

आता शहापूर-मुरबाडकडची एखादी बाई हे ऐकून हसेल. म्हणेल, “अहो भाऊ, पहाटे उठल्यापासून मी उभीच आहे की! हंडे आणले, भाकऱ्या थापल्या, लावणीला गेले, दिवसभर चिखलात कमरेत वाकून रोपे लावली. आता घरी आले, तर तुम्ही परत उभे राहायला सांगता?”

बाईचे म्हणणे अगदी रास्त आहे. भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यातली. त्यांचे पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळा लागला की त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने हंडा भरावा लागतो. धरण उशाला आणि कोरड घशाला, म्हणतात ना, तसे. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलोचे ओझे, भांड्याचे वजन वेगळेच. असे दोन-दोन हंडे डोक्यावर घेऊन जे पाय चढ चढतात, त्यांना संध्याकाळी ‘उभे राहून ध्यान करा’ असे सांगणे म्हणजे थट्टाच झाली.

म्हणून पहिली गोष्ट आधी सांगतो. ज्याचे पाय दमले आहेत त्याने आधी आडवे व्हावे, पायांखाली उशी किंवा घोंगडीची घडी घ्यावी आणि विश्रांती घ्यावी. ध्यान हे विश्रांतीच्या जागी येत नाही, अन्नाच्या जागी येत नाही आणि पाण्याच्या जागी तर नाहीच नाही. हा अभ्यास सकाळचा आहे, अंग ताजे असतानाचा. सकाळी जमत नसेल तर ज्या दिवशी जमेल त्या दिवशी करावा.

पण त्या बाईच्या बोलण्यात एक प्रश्न दडलेला आहे, तो सोडून चालणार नाही. दिवसभर उभे राहूनही ध्यान होत नाही, मग दहा मिनिटांत काय निराळे होते?

असे पाहा. शहापूरच्या किंवा मुरबाडच्या एस.टी. स्टँडवर गाडीची वाट पाहणारी माणसे एकदा नीट न्याहाळा. एकाने सगळा भार डाव्या पायावर टाकला आहे. दुसऱ्याचे खांदे कानांपर्यंत चढले आहेत. तिसऱ्याने दात दाबून धरले आहेत, त्याचे त्यालाही ठाऊक नाही. शरीर स्टँडवर आहे आणि मन पुढे कचेरीत पोचले आहे, नाहीतर काल झालेल्या भांडणाकडे मागे गेले आहे. श्वास वरच्या वर चालला आहे. असे अर्धा तास उभे राहिले की माणूस दमतो. त्या दमण्यात पायांचा वाटा असतो, तसा त्या आवळून धरलेल्या स्नायूंचा आणि धावणाऱ्या मनाचाही असतो.

तोच माणूस, तीच जागा. त्याने दोन्ही पायांवर सारखा भार घेतला, खांदे सोडले, आणि ‘मी इथे उभा आहे, हे माझे तळवे जमिनीला टेकले आहेत’ एवढेच लक्षात ठेवले, तर ते ध्यान झाले. लक्ष कुठे आहे, सगळा फरक तिथे आहे. ध्यान म्हणजे लक्ष एका ठिकाणी आणणे, ते निसटले की परत आणणे, आणि हे न चिडता पुन्हा पुन्हा करणे. मग ते बसून करा, उभ्याने करा, नाहीतर चालताना करा.

ही काही नवी टूम नाही बरं का. आपल्या मुलखाला ती फार जुनी आहे.

पंढरपूरचा पांडुरंगच पाहा ना. आपल्याकडे गावोगाव वारकरी आहेत, सप्ताह होतात, दिंड्या निघतात. ज्याच्या दर्शनाला इतकी माणसे चालत जातात तो देव आसनावर बसलेला नाही. विटेवर उभा आहे, दोन्ही पाय सारखे ठेवून, हात कमरेवर ठेवून. कथा आपल्याला ठाऊकच आहे. पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता, त्याने देवाला वीट टाकली आणि थांबायला सांगितले. देव थांबला. ह्या कथेत सेवाही आहे आणि थांबणेही आहे. एकाच्या हातात काम आहे आणि दुसरा स्थिर उभा आहे, आणि त्या दोघांत भांडण नाही. आणि कीर्तनात टाळकरी पावली खेळतात तेव्हा काय होते? पाऊल, टाळ आणि नाम एका ठेक्यात येतात आणि मनाला भटकायला जागाच उरत नाही. हालचालीतून मन एका जागी आणण्याची ही आपल्या घरचीच रीत.

दुसरे उदाहरण जैनांचे. शहापूरला मानस मंदिर हे जैन देवालय आहे, आपल्यातले पुष्कळ जण तिथे जाऊन आले असतील. कुठल्याही जैन देवालयात गेलात तर एक गोष्ट ध्यानात घ्या. तीर्थंकरांच्या मूर्ती दोनच प्रकारच्या असतात. एक बसलेली, दुसरी उभी. त्या उभ्या ध्यानाला नावच आहे, कायोत्सर्ग. काया म्हणजे शरीर, उत्सर्ग म्हणजे सोडून देणे. शरीर उभे ठेवायचे आणि ‘हे माझे, हे माझे’ ही त्याच्यावरची पकड सोडायची. हात मोकळे लोंबलेले, पाय किंचित अंतरावर, शरीर सरळ.

ह्या उभ्या ध्यानाची एक प्रसिद्ध मूर्ती कर्नाटकात श्रवणबेळगोळ येथे आहे, बाहुबलीची. अखंड दगडातली, 57 फूट उंच. बाहुबली इतका काळ निश्चल उभा राहिला की पायांवर वेली चढल्या, अशी कथा आहे, आणि मूर्तीत त्या वेली कोरलेल्या आहेत. शिक्षकांना सांगायला नको की मराठीतल्या अतिशय जुन्या कोरीव लेखांपैकी एक लेख ह्याच मूर्तीच्या पायांशी आहे. आपल्या भाषेची एक जुनी खूण एका उभ्या ध्यानस्थ मूर्तीपाशी सापडावी, हे वर्गात सांगण्याजोगे आहे. इतक्या लांब जायचे नसेल, तर आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात कुंभोजजवळच्या बाहुबली क्षेत्रीही अशी उभी मूर्ती आहे.

तिसरे उदाहरण बुद्धांच्या शिकवणीचे. शहापूरहून कसारा घाट चढून गेले की इगतपुरी लागते. तिथे सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेचे धम्मगिरी हे विपश्यना केंद्र 1976 पासून चालू आहे. तिथल्या शिबिरात मुख्य साधना बसून करतात. पण जुन्या पाली ग्रंथांत जागरूक राहण्याच्या चार अवस्था सांगितल्या आहेत, चालणे, उभे राहणे, बसणे आणि आडवे होणे. चारींमध्ये माणसाने आपण काय करतो आहोत हे जाणावे, असे सांगितले आहे. सावकाश येरझारा घालण्याच्या साधनेला चंक्रमण म्हणतात. बुद्ध ज्या जागी असे चालले, ती जागा बोधगयेला आजही दाखवतात.

तेव्हा मंडळी, विठ्ठलाचा भक्त असो, जैन असो, बौद्ध असो की ह्यांपैकी कुणी नसो, उभ्याने मन स्थिर करणे ही कुणा एकाची मालमत्ता नाही. तळवे सगळ्यांनाच आहेत आणि श्वासही सगळेच घेतात.

आता प्रत्यक्ष कसे करायचे ते सांगतो. एकदा सगळे वाचून काढा, मग पुस्तिका बाजूला ठेवा आणि करून पाहा.

जागा सपाट हवी, निसरडी नको. सारवलेले कोरडे अंगण उत्तम. पावसाळ्यात पडवी किंवा घरातला कोपरा. वयस्कर माणसांनी हाताशी खांब किंवा भिंत असेल अशी जागा निवडावी. पायांत काही घालू नये, कारण तळव्यांना जमीन कळायला हवी. पोट फार भरलेले नसावे, पण उपाशीपोटी चक्कर येत असेल तर घोटभर पेज किंवा चहा घेऊन मग उभे राहावे.

दोन पायांत वीतभर अंतर ठेवा. दोन्हींवर भार सारखा. गुडघे अगदी ताठ मागे ढकलू नका, किंचित मोकळे ठेवा. ह्याला कारण आहे. माणूस उभा राहिला की अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त पायांकडे उतरते. ते वर पाठवायला पोटरीचे स्नायू मदत करतात. गुडघे ताठ करून पुतळ्यासारखे उभे राहिले की हे स्नायू काम करत नाहीत आणि घेरी येऊ शकते. कवायतीच्या मैदानावर धडधाकट जवानही कधी कोसळतो, तो ह्यामुळेच. म्हणून स्थिर राहा, पण आखडू नका.

आता पाठ. ‘पाठ ताठ करा’ म्हटले की माणूस छाती फुगवतो आणि कंबर दुखवून घेतो. त्यापेक्षा असे समजा की डोक्यावर चुंबळ आहे आणि चुंबळीवर भरलेला हंडा आहे, फक्त त्याला वजन नाही. झाले! मान आपोआप सरळ होते, हनुवटी जरा आत येते, पाठ उभी राहते. आमच्या मायबहिणींना हे शिकवावे लागत नाही. डोंगरवाटेने दोन हंडे घेऊन थेंब न सांडता चालणारी बाई ज्या सावधपणे पाऊल टाकते, तो सावधपणा आपल्याला इथे हवा आहे. फरक इतकाच की इथे ओझे नाही आणि घाई नाही.

एक सुस्कारा सोडा आणि त्याबरोबर खांदे खाली जाऊ द्या. हात मोकळे सोडा. डोळे पूर्ण मिटू नका, अर्धे उघडे ठेवून दोन हात पुढे जमिनीकडे पाहा. आपला तोल तीन गोष्टी मिळून सांभाळतात, डोळे, कानाच्या आतली तोलाची रचना, आणि पाय व सांधे यांच्यातून येणारी जाणीव. डोळे मिटले की ह्या तिघांपैकी एक सोबती कमी होतो आणि शरीर जास्त डोलते. पुढे सवय झाल्यावर हवे तर मिटा.

आता लक्ष तळव्यांकडे न्या. टाचेवर भार किती, चवड्यावर किती, अंगठा जमिनीला टेकला आहे का? जमीन गार आहे की ऊन? थोड्याच वेळात कळेल की आपण स्थिर उभे आहोत असे वाटते खरे, पण शरीर सारखे बारीक डोलते आहे, कधी पुढे, कधी मागे. ते डोलणे थांबवू नका. तोल सांभाळण्याचे शरीराचे काम चालू आहे, ते नुसते पाहा.

आणि मग श्वास मोजा. जैन परंपरेत कायोत्सर्गाचा काळ श्वासांनी मोजतात, आणि 27 श्वासांचे माप तिथे प्रसिद्ध आहे. हे माप आपल्या फार सोयीचे आहे, कारण त्याला घड्याळ लागत नाही. एका बोटाला तीन पेरी. तीन बोटांची नऊ पेरी. अंगठा एकेका पेरावर ठेवत प्रत्येक बाहेर जाणाऱ्या श्वासाला एक पेर मोजायचे. नऊ झाले की एक फेरी, अशा तीन फेऱ्या म्हणजे 27. श्वास ओढून-ताणून लांबवू नका. बाहेर जाणारा श्वास मात्र सावकाश, पुरता जाऊ द्या. श्वास बाहेर जाताना हृदयाची गती थोडी मंदावते. म्हणून सावकाश उच्छ्वासाने जीव शांत झाल्यासारखा वाटतो. ही शरीराचीच व्यवस्था आहे, त्यात चमत्कार नाही.

मोजताना काय होईल तेही सांगून ठेवतो, म्हणजे निराश होणार नाही. पाचव्या श्वासाला नाक खाजेल. सातव्याला आठवेल की म्हशीला पेंढा घालायचा राहिला. आठव्याला कर्जाचा हप्ता, आणि मग आपण कितव्या पेरावर होतो तेच विसरून जाल. हरकत नाही. दाव्याला बांधलेले वासरू दावे पुरेल तितके जाते आणि परत खुंट्यापाशी येते, आपण त्याला मारत नाही. तसे मन परत तळव्यांपाशी आणा आणि ती नऊची फेरी पहिल्यापासून मोजा. लक्ष गेले हे ज्या क्षणी कळते, तो क्षण अपयशाचा नाही. ध्यान घडते ते त्याच क्षणी.

ही झाली उभे राहण्याची रीत. आता हालचाल. तीनच हालचाली सांगतो.

पहिली हातांची. श्वास घेताना दोन्ही हात समोरून सावकाश छातीपर्यंत वर आणा, तळहात जमिनीकडे. श्वास सोडताना तितक्याच सावकाश खाली न्या. खांदे वर चढू देऊ नका. असे नऊ वेळा.

दुसरी भार बदलण्याची. एका हंड्यातले पाणी दुसऱ्या हंड्यात धार न तोडता ओतावे, तसा शरीराचा भार डाव्या पायावरून उजव्या पायावर ओता. उजवा पाय भरला, डावा रिकामा झाला. मग परत. पाय उचलायचा नाही. ही हालचाल दिसायला काहीच नाही, पण हिच्यात मन फार लवकर लागते. ही पण नऊ वेळा.

तिसरी चालण्याची. अंगणात दहा पावलांची वाट ठरवा. आधी टाच टेकू द्या, मग तळवा, मग चवडा, आणि मगच दुसरा पाय उचला. दहा पावले झाली की थांबा, एक श्वास घ्या, वळा आणि परत या. चार-पाच येरझारा पुरेत. शेवटी पुन्हा स्थिर उभे राहून नऊ श्वास मोजा आणि कामाला लागा.

सावकाश हालचालीचा हा मार्ग इतर देशांतही आहे. चीनमध्ये ताई ची नावाचा असाच संथ व्यायाम आहे. 2020 साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. योगाला तो मान 2016 साली मिळाला होता. ताई चीचा अभ्यास करणाऱ्या वृद्ध माणसांचे पडणे कमी होते, असे पुष्कळ चाचण्यांत दिसून आले आहे. म्हातारपणी एकदा पडून खुब्याचे हाड मोडले की घरातल्या सगळ्यांचे काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ह्याची किंमत सांगायला नको.

आपल्या महाराष्ट्रातही ह्या बाबतीत मोठे काम झाले आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा नेम स्वतः चालवला, संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले आणि त्यांवर पुस्तक लिहिले. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम स्थापन केले आणि योगाच्या क्रियांनी शरीरात काय घडते हे यंत्रांनी तपासायला सुरुवात केली. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार 1937 साली शिकवायला आले. त्यांच्या पद्धतीत ताडासनासारख्या उभ्या आसनांना मोठे स्थान आहे. नुसते नीट उभे राहणे हादेखील शिकण्याचा विषय आहे, हे त्यांनी जगाला दाखवले. आपण आज जे पाहिले ते ह्या सगळ्यांच्या मानाने अगदी प्राथमिक, बिगरीच्या इयत्तेचे आहे. पण बिगरीशिवाय पहिली नाही.

आता शिक्षकांशी दोन शब्द, आणि हे जरा मोकळेपणाने बोलतो.

गुरुजी, बाई, आपल्या शाळांतून उभे राहणे म्हणजे काय असते? पाढा आला नाही, उभा राहा. उशीर झाला, दाराशी उभा राहा. कितीतरी मोठ्या माणसांच्या मनात उभे राहण्याशी ती लाज अजून चिकटून बसली आहे. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा करायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी केली आहे. पण जुनी सवय कायद्याच्या एका कलमाने सुटत नाही. तेव्हा हा अभ्यास वर्गात घ्यायचा असेल, तर एक नियम कटाक्षाने पाळा. तो कधीही, कुणालाही शिक्षा म्हणून देऊ नका, आणि दंगा थांबवायचे हत्यार म्हणूनही वापरू नका. ज्या दिवशी तुम्ही म्हणाल, “फार गडबड करता काय, चला ध्यानाला उभे राहा,” त्या दिवसापासून मुलांना ध्यानाचा कंटाळा आला म्हणून समजा.

मुलांबरोबर तुम्ही स्वतः उभे राहा. परिपाठानंतर दोन मिनिटे पुरेत. नऊ श्वास, बस्स. लहान मुलांना ‘लक्ष एकाग्र करा’ हे शब्द कळत नाहीत. त्यांना सांगा, “डोक्यावर भरलेली कळशी आहे, सांडायची नाही.” मग वर्गात त्या कळशीसह दहा पावले चालायला सांगा. ती हसतील, हसू द्या. नंतर विचारा, “तळव्याला काय काय कळले?” एक म्हणेल खडा, एक म्हणेल गारवा, एक म्हणेल मुंग्या आल्या. सगळी उत्तरे बरोबर. एखाद्या मुलाला उभे राहायचे नसेल तर त्याला बसून करू द्या. ज्याला चालता येत नाही त्याने खुर्चीत बसून तळहात मांडीवर टेकवले तरी चालते. आणि ह्यात कुठल्या देवाचे नाव घ्यायची गरज नाही. श्वास मोजायला धर्म लागत नाही.

एक लक्षात असू द्या. काही मुले वीटभट्टीच्या हंगामात आईबापांबरोबर जातात आणि परत येतात. काही सकाळी काही न खाता येतात. असे मूल उभ्याउभ्या डोलू लागले, तर त्याला ध्यान लागले असे समजू नका. त्याला बसवा, पाणी द्या आणि काय खाल्ले ते विचारा.

हाच सावधपणा मोठ्यांनीही ठेवायचा. उभे राहताना चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ताबडतोब बसा. रक्तदाबाचे औषध चालू असणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि पायांच्या शिरा फुगणाऱ्यांनी फार वेळ स्थिर उभे राहू नये. त्यांना चालण्याची हालचाल बरी. साखरेच्या आजाराने ज्यांचे तळवे बधिर झाले आहेत, त्यांनी अनवाणी अंगणात चालू नये, कारण काटा रुतला तरी त्यांना कळत नाही. छातीत दुखले तर श्वास मोजत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि मनाचा त्रास खोल असेल, रात्रीच्या रात्री झोप नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर एकट्याने ध्यान करत राहू नका. डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलिमानस ही सेवा 2022 पासून आहे, तिचा फोन नंबर 14416, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. मनाच्या दुखण्यासाठी मदत मागण्यात लाज नाही. पाय मोडला तर आपण डॉक्टरकडे जातोच ना?

शेवटी पुन्हा त्या सुरुवातीच्या बाईकडे येऊ. ती विचारील, “हे सगळे करून मला मिळणार काय?”

बाई, विहिरीचे पाणी वाढणार नाही. कर्ज फिटणार नाही. ते प्रश्न ग्रामसभेत मांडायचे, कचेरीत नेटाने लावून धरायचे. त्यांची जागा ती आहे आणि ती सोडू नका. पण दिवसभर तुमचे शरीर घरासाठी, शेतासाठी, मुलांसाठी राबते. त्यात ‘मी इथे आहे’ एवढे म्हणायलाही तुम्हाला उसंत मिळत नाही. सकाळची ही दहा मिनिटे, नाहीतर दोनच मिनिटे, नाहीतर नऊच श्वास, हे तुमचे स्वतःचे. त्यावर कुणाची मागणी नाही. रोज असे उभे राहिले की हळूहळू एक सवय लागते. राग आला, भीती वाटली, की बोलण्याआधी तळवे जमिनीला टेकलेले जाणवतात आणि एक श्वास मधे येतो. त्या एका श्वासात पोरावर उगारलेला हात खाली येतो. कचेरीत साहेबासमोर बोलताना आवाज कापायचा थोडा कमी होतो. एवढाच लाभ आहे. पण तो लहान नाही.

आणि घरच्या पुरुषमंडळींना एक सांगणे. बाई अंगणात दहा मिनिटे उभी राहिली, तर तेवढ्या वेळात चुलीवरचे दूध तुम्ही पाहा. पुंडलिकाची कथा आपण सांगतो ना, की तो सेवेत होता आणि देव थांबला. कधीतरी घरात सेवा आपण करावी आणि तिला थांबू द्यावे.

उद्या सकाळी उजाडताना अंगणात या. माहुलीच्या डोंगरावर, सिद्धगडाच्या माथ्यावर ऊन येत असेल. पायांत वीतभर अंतर, खांदे सैल, तळव्यांकडे लक्ष. तीन बोटे, नऊ पेरी. बघा जमते का. नाही जमले तर परवा पुन्हा.

राम राम मंडळी.